काउंटरचा आकडा चढला म्हणजे फिल्टर गेला, असं नाही
हायड्रॉलिक यंत्रणेच्या तेलातले कण चालू यंत्रातच मोजणाऱ्या सेन्सरवर, म्हणजे ऑनलाइन पार्टिकल काउंटरवर, आकडा चढला की फिल्टर बदला, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. प्रकाश अडण्यावर मोजणाऱ्या या सेन्सरला हवेचा बुडबुडा, पाण्याचा थेंब आणि धातूचा कण सारखेच दिसतात.

तेलाची स्वच्छता सांगणाऱ्या आयएसओ ४४०६ या मानकाचे तीन अंक म्हणजे अनुक्रमे ४, ६ आणि १४ मायक्रॉन किंवा त्याहून मोठ्या कणांच्या संख्येचे कोड. १८/१६/१३ चं अचानक २२/२१/२० झालं, म्हणजे तिन्ही अंक जवळ आले, तर आधी हवा-पाण्याचा संशय घ्या. सेन्सर सक्शनला, म्हणजे पंप तेल ओढतो त्या बाजूला, नको. सेन्सरची दाबमर्यादा पाहून प्रेशर लाइनवर, फिल्टरच्या आधी बसवा. दाबाखाली हवा विरघळलेलीच राहते. सलग तीन-चार रीडिंग चढीच आली तरच अलार्म वाजेल असं ठेवा. मात्र टिकून राहिलेली कोडमधली एकाची वाढही (उदा. १८ चं १९) किरकोळ नाही: कण साधारण दुप्पट झालेले असतात.