शिपायाचा हवालदार होतो तेव्हा

पोलीस स्थानकाचा प्रमुख कोण? कुणीही सांगेल, निरीक्षक. कायदा मात्र तिथेच थांबत नाही. प्रमुख अधिकारी स्थानकात हजर नसेल किंवा आजारी असेल, तर त्याच्याखालोखालचा, पण शिपायापेक्षा वरच्या हुद्द्याचा जो पोलीस त्या क्षणी तिथे असेल, तोच ‘प्रभारी अधिकारी’ ठरतो. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही व्याख्या होती, १९७३ च्या संहितेत ती राहिली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. म्हणजे निरीक्षक घरी, उपनिरीक्षक अपघाताच्या पंचनाम्याला महामार्गावर, अशा रात्री अडीच वाजता गोव्यातल्या हणजूण किंवा काणकोणचं अख्खं स्थानक कायद्याने एका हवालदाराच्या हातात असू शकतं. गेल्या महिन्यापर्यंत तो शिपाई होता. मधल्या काळात त्याला काय शिकवलं गेलं, आणि व्याख्यानांऐवजी समस्या देऊन शिकवण्याची पद्धत तिथे कशी कामी येईल, हा या टिपणाचा विषय.

हिंदुस्थानातल्या पोलीस प्रशिक्षणाची गोष्ट सहसा १८६१ च्या पोलीस कायद्यापासून सांगतात. १८५७ नंतरच्या इंग्रजांना हुकूम पाळणारं दल हवं होतं आणि तशा दलाला कवायत पुरते. पर्यवेक्षकाचा प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला तो अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालच्या १९०२-०३ च्या पोलीस आयोगाने. दल अकार्यक्षम आहे, प्रशिक्षणात कच्चं आहे, लोक त्याला भ्रष्ट आणि जुलमी मानतात, असं सांगताना आयोगाने आणखी एक दोष नोंदवला होता: दलावरची देखरेख अपुरी आहे. बाकीची विशेषणं पुढे शंभर वर्षं भाषणांतून फिरली, या दोषाकडे फारसं कुणी पाहिलं नाही. आयोगाचा उपाय असा, की स्थानक हवालदाराकडून काढून सुशिक्षित, थेट भरतीच्या उपनिरीक्षकाकडे द्यावं आणि त्याच्यासाठी प्रशिक्षण शाळा काढाव्यात. १९०६ साली पुण्याजवळ भांबुर्ड्यात सुरू होऊन पुढे नाशिकला गेलेली, आज महाराष्ट्र पोलीस अकादमी म्हणून ओळखली जाणारी संस्था त्याच काळातली. उपनिरीक्षकाला शाळा मिळाली. हवालदार ज्येष्ठतेने वर चढत राहिला आणि जे पाहिलं तेच पुढे करत राहिला.

गोवा या सगळ्याच्या बाहेर होता. इथल्या पोलिसांचे कायदे पोर्तुगीज भाषेतले आणि शिस्त लष्करी. पन्नाशीच्या दशकात सत्याग्रहींचा छळ करणाऱ्या काझिमिरो मोंतेरोचं, म्हणजे ‘आजेंत मोंतेर’चं नाव जुन्या पिढीला अजून आठवतं; पोलीस म्हणजे काय, याची व्याख्या कित्येक घरांत त्या एका माणसाने करून ठेवली होती. १९ डिसेंबर १९६१ ला मुक्ती आली आणि तिच्यामागून भारतीय कायदेही. त्यांत १८६१ चा पोलीस कायदाही होता, तेव्हा बरोबर शंभर वर्षांचा. एक वसाहतवादी चौकट गेली आणि दुसऱ्या वसाहतवादी राजवटीची चौकट आली, असं म्हटलं तर काहींना झोंबेल, पण कागद तेच सांगतात. पुढे गोव्याचं दल उभं राहिलं, वाळपईला प्रशिक्षण शाळा झाली, १९८७ मध्ये घटक राज्य झालं. शिपाई आणि थेट भरतीचे उपनिरीक्षक सुरुवातीला रीतसर शिकले. बढती मिळालेल्यांच्या वाट्याला मात्र, देशात इतरत्र येतं तेच, जुजबी उजळणी आलं.

देशपातळीवर या कोंडीवर बोट ठेवणाऱ्यांत एक मराठी नाव आहे, समाजशास्त्रज्ञ मा. स. गोरे यांचं. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे ते संचालक होते. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या पोलीस प्रशिक्षण समितीने १९७३ मध्ये अहवाल दिला आणि कवायत व कलमं यांच्यापलीकडे पोलिसाची वृत्ती, वागणूक आणि समाजाची जाण यांवर भर दिला. १९७९ मध्ये राष्ट्रीय पोलीस आयोगाच्या पहिल्या अहवालात शिपाई हाच मुख्य विषय होता: त्याचे लांबलचक कामाचे तास आणि यंत्रासारखी कामं. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत हर्मन गोल्डस्टीन यांनी मांडलं की पोलिसांनी एकेक घटना निस्तरत बसण्याऐवजी तिच्यामागची समस्या शोधावी.

ज्या पद्धतीबद्दल हे टिपण आहे, ती मात्र पोलिसांतून आलेली नाही. ती आली वैद्यकातून. कॅनडात हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ मध्ये वैद्यकीय अभ्यासक्रमाची पहिली तुकडी दाखल झाली आणि तिला व्याख्यानांऐवजी रुग्णाची समस्या देऊन शिकवायला सुरुवात झाली. या पद्धतीशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते मेंदूविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांना खटकत होतं ते असं, की मुलं परीक्षेत उत्तम गुण मिळवतात, पण रुग्णासमोर उभं केलं की पाठ केलेलं काही कामाला येत नाही. मग लहान गट, एक अर्धवट माहितीची केस आणि उत्तर न सांगणारा शिक्षक. काही वर्षांतच नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टने ही पद्धत उचलली. गोव्यात तर १८४२ पासून वैद्यकीय शाळा आहे, तेव्हा खाटेशेजारी उभं राहून शिकणं इथल्या डॉक्टरांना नवं नाही. पोलिसांनी बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन कधी ते पाहिलं असेल असं वाटत नाही.

पोलिसांत ही पद्धत शिरली दोन वाटांनी. कॅनडाच्या रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलीस दलाने १९९० च्या दशकात रिजायना इथल्या आपल्या प्रशिक्षण केंद्रात समस्या सोडवण्याभोवती अभ्यासक्रम बांधला. अमेरिकेत तोवर सॅन होजे पोलिसांची १९७२ ची पद्धत सर्वत्र रुळली होती: अनुभवी पोलिसाबरोबर नवखा फिरतो आणि अनुभवी माणूस त्याला रोज १ ते ७ असे गुण देतो. शिस्त लावायला ती चांगली, पण नवखा शिकायचा ते गुण देणाऱ्याला काय आवडतं ते. १९९९ पासून नेवाडातल्या रेनो शहराचं पोलीस खातं आणि ‘पोलीस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरम’ ही पोलीसविषयक संशोधन संस्था यांनी अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या पैशांवर नवा नमुना तयार केला. त्यात रोजचे गुण गेले. त्यांच्या जागी गटाने हाताळायच्या समस्या, शिकणाऱ्याची रोजनिशी आणि आपल्या बीटमधल्या वस्तीचा स्वतः केलेला अभ्यास आला. हा नमुना नव्या भरतीसाठी होता. पुढे तोच विचार बढती मिळालेल्यांच्या प्रशिक्षणाकडे वळला.

आणि माझ्या मते तो तिथेच जास्त शोभतो. वैद्यकातली ही पद्धत वादातीत कधीच नव्हती. १९९३ मध्ये आलेल्या आढाव्यांत दिसलं, की असं शिकलेले विद्यार्थी रुग्ण हाताळण्यात सरस किंवा बरोबरीचे, पण मूलभूत विषयांच्या परीक्षेत थोडे मागे. २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी स्पष्टच म्हटलं, की पाया नसलेल्याला फारसं मार्गदर्शन न करता सोडून दिलं तर तो शिकत नाही, गोंधळतो. आक्षेप रास्त आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या भरतीतल्या पोराला आधी कायदा शिकवावाच लागेल. पण दहा-पंधरा वर्षं रस्त्यावर काढलेल्या हवालदाराकडे पाया आहे. त्याच्याकडे नाही ते एवढंच: स्वतः काम करण्यातून दुसऱ्याकडून काम करून घेण्याकडे जाणं. ते व्याख्यानात बसत नाही.

असं समजा, वाळपईच्या वर्गात सहा नवे हवालदार बसलेत आणि त्यांच्या हातात एक कागद आहे. रात्रीचे दोन. तुम्ही हणजूण स्थानकात, उपनिरीक्षक बाहेर. एक पर्यटक बाई येते. हरमलला तिची पर्स हिसकावली, त्यात पासपोर्ट. काउंटरवरचा शिपाई तुमचाच जुना जोडीदार, बाईसमोरच म्हणतो, “तें आमच्या हद्दींत येना, थंय वच म्हण तिका.” (ते आपल्या हद्दीत येत नाही, तिथे जा म्हणावं तिला.) तेवढ्यात फोन वाजतो: जवळच मोठ्याने संगीत चालू आहे, शेजारी चिडलेत. स्थानकात तुम्ही धरून तिघे.

कागदावर एवढंच. गट फळ्यावर रकाने आखतो: काय सुचतं, काय माहीत आहे, काय शिकून घ्यावं लागेल, काय करायचं. कुणी सांगतो, हद्द कुठलीही असो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे खबर घ्यावीच लागते. दुसरा म्हणतो, थांबा, तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते ना? मग भारतीय न्याय संहितेचं कलम ३०४ उघडलं जातं, हिसकावण्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे हे दिसतं, तशा चौकशीला उपअधीक्षकाची पूर्वपरवानगी लागते हेही दिसतं, आणि पहाटे दोनला ती कोण मागणार यावर वाद रंगतो. कायद्याचा हा भाग पुस्तकातूनही कळला असता. खरा अडतो तो दुसरा भाग. मित्राला तक्रारदारासमोर टोकायचं का? नंतर टोकलं तर बाई तोवर निघून जाईल. आत्ता टोकलं तर उद्यापासून तो जेवणाच्या डब्याला शेजारी बसणार नाही. तिघांतल्या कुणाला संगीत बंद करायला पाठवायचं, आणि स्टेशन डायरीत काय लिहायचं? इथे प्रशिक्षक गप्प बसतो, आणि गप्प बसणं हे त्याचं सर्वांत कठीण काम असतं.

२०२४ मध्ये लागू झालेल्या कायद्यांनी हा प्रश्न लांबणीवर टाकण्याची सोय काढून घेतली आहे. झडतीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरण बंधनकारक झालं. प्रत्येक स्थानकात अटक केलेल्यांची माहिती ठेवायला किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा जबाबदार माणूस नेमायचा आहे. कॅमेरा कुणी धरला, चित्रीकरण मध्येच का थांबलं, पंच कुठे उभे होते, हे न्यायालयात विचारलं जाईल तेव्हा उत्तर त्या रात्री देखरेख करणाऱ्याला द्यावं लागेल. गर्दीचंही तेच. ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावला लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरीत माणसं गेली, त्यानंतर बंदोबस्ताच्या नकाशांवर बरीच चर्चा झाली. नकाशा पणजीत निघतो. उतारावर दाटी होतेय हे पहिल्यांदा दिसतं तिथे उभ्या असलेल्या हवालदाराला, आणि वरून आदेश येण्याआधी आपल्या पाच शिपायांना हलवायचं की नाही, हे त्यालाच ठरवायचं असतं.

अडचणी काल्पनिक नाहीत. ऑक्टोबरपासून पर्यटनाचा हंगाम, मग चर्चची फेस्तं, कार्निव्हल, शिमगो, पुढे चतुर्थी, दहा वर्षांतून एकदा जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शवप्रदर्शन. हवालदाराला पंधरा दिवस वर्गात बसवायला कुठला निरीक्षक राजी होईल? त्यातल्या त्यात पावसाळा मोकळा. समस्या मिळण्याची चिंता नाही, नावं-गावं काढून टाकलेल्या जुन्या स्टेशन डायऱ्या वर्षभर पुरतील. खरी वानवा आहे ती शिकवणाऱ्याची. ज्या खात्यात ‘साहेब सांगतील तसं’ हेच उत्तर आयुष्यभर चाललं, तिथे साहेबाने वर्गात येऊन “तुम्हीच सांगा” म्हणायचं, आणि हवालदाराने चुकीचं सांगितलं तरी लगेच दुरुस्त करायचं नाही. मॅकमास्टरलाही यासाठी प्राध्यापकांना वेगळं प्रशिक्षण द्यावं लागलं. वाळपईलाही सुरुवात हवालदारांपासून करून चालणार नाही, निरीक्षकांपासून करावी लागेल.