स्वावलंबी मूल : सातारी वळण आणि परदेशी दाखले

लहान मुलांच्या स्वावलंबनाचा विषय निघाला की सातारा-सांगलीकडचे पालकही आता जपानचा दाखला देतात. तिथे पहिलीतली मुले मोठ्यांशिवाय, गटाने शाळेत चालत जातात आणि वर्गही स्वतःच झाडतात. हे कौतुक रास्त असले, तरी मुलावर काम सोपवण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे.

सातारा जिल्ह्यातील माण-खटावच्या शेतकरी घरात पाच-सहा वर्षांचे पोर शेळ्यांमागे जाई, गिरणीवर दळणाच्या रांगेत डबा लावून बसे आणि आई भांगलणीला गेली की धाकट्याला काखेत घेऊन घर राखी. तेच पोर सांजेला आजीच्या हातून दूध-भाकरीचा काला खाई आणि तिच्याच कुशीत निजे. यात कोणाला विसंगती वाटत नसे. अमेरिकेतील अनेक घरांत क्रम उलटा दिसतो. बाळ लवकर वेगळ्या खोलीत झोपते, स्वतःच्या हाताने जेवू लागते. मात्र शाळकरी मुलाला एकटे चालत जाऊ देणे म्हणजे हेळसांड नव्हे, हे सांगण्यासाठी युटा राज्याला २०१८ मध्ये कायदा करावा लागला.

गरजेपोटी आलेल्या या कामसूपणाला शिक्षणाचे तत्त्व बनवले ते कर्मवीर भाऊराव पाटील यांनी. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहून स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे स्वतः करीत. अर्थात ही मुले वयाने मोठी होती.

अगदी लहानांसाठीचा विचार दुसऱ्या वाटेने आला. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह सुरू केले. त्यांच्या पद्धतीला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भारतीय रूप दिले व १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. बटण लावणे, पाणी ओतणे ही कामे इथे घराच्या सोयीसाठी नव्हती, तर मुलाच्या स्वतःच्या वाढीसाठी होती. अंगणवाड्या १९७५ पासून आल्या, पण त्यांचा भर प्रथम पोषण आणि आरोग्यावर होता.

आज दारात शाळेची व्हॅन येते आणि आई-वडिलांना दोष दिला जातो, पण रस्त्यावरची वाहने पाहता तो पुरता न्याय्य नाही. शिवाय ऊसतोडीच्या हंगामात कोपीवर, म्हणजे तोडणी कामगारांच्या तात्पुरत्या झोपडीत, धाकट्याला सांभाळणाऱ्या बहिणीचे स्वावलंबन कोणी आदर्श म्हणून सांगत नाही, कारण त्यापायी तिची शाळा बुडते.