लावणीनंतरचा ताप

समजा, गोव्यातल्या फोंड्याकडचा एक पन्नाशीतला गृहस्थ दुबईत नोकरीला आहे. शुगर जुनी. जुलैत रजेवर घरी आला, भावाबरोबर चार दिवस लावणीला गुडघाभर चिखलात उतरला आणि परत गेला. पंधरवड्याने ताप, खोकला, एक्स-रेत फुप्फुसावर डाग. भारतातून आलेला माणूस म्हटल्यावर डॉक्टरांना आधी टीबी आठवतो. औषधं सुरू होतात. ताप हटत नाही.

हा मेलिओइडोसिस असू शकतो. बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलिआय नावाचा त्याचा जंतू ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात राहतो आणि पायाच्या भेगेतून, कधी श्वासातूनही शरीरात शिरतो. मधुमेह असलेल्यांना धोका सगळ्यात जास्त. १९११ मध्ये रंगूनला अल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी यांना तो पहिल्यांदा सापडला. आपल्या शेजारी उडुपी-मंगळूरच्या पट्ट्यात पावसाळ्यात त्याचे रुग्ण आढळतात. पाऊस तिथेही असाच, भातशेतीही अशीच.

तरी तो निसटतो, आणि बऱ्याचदा प्रयोगशाळेत, डोळ्यांसमोरून निसटतो. थुंकीच्या किंवा पुवाच्या कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू प्लेटवर वाढवून बघतात तेव्हा, तो वाढतो, पण दिसतो स्यूडोमोनास या साध्या, नेहमीच्या जंतूसारखा. ‘बाहेरून मिसळलेला जंतू’ म्हणून प्लेट टाकून दिली जाते. स्वयंचलित यंत्रही कधीकधी त्याच्या भाऊबंदाचं, बर्कहोल्डेरिया सेपेशियाचं, नाव छापतं. खुणा मात्र आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची दोन्ही टोकं गडद रंगतात आणि मधला भाग फिका राहतो, सेफ्टी पिनसारखा. जेंटामायसिन आणि कोलिस्टिन ही प्रतिजैविकं त्याला सहसा मारत नाहीत, पण ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलनेट मारतं. ही उलटी जोडी दिसली की तंत्रज्ञाने तिथेच थांबायला हवं. ॲशडाउन या, जंतू वाढवायच्या खास माध्यमावर चार-पाच दिवस वाट पाहिली तर सुरकुतलेल्या जांभळ्या वसाहती उगवतात. त्यांना मातीसारखा वास येतो, पण प्लेट कधीही हुंगू नये. हा जंतू प्रयोगशाळेतल्या माणसालाही गाठतो.

नाव कळण्यावर जीव अवलंबून असतो. न्यूमोनियाला सर्रास देतात ते सेफ्ट्रिआक्झोन इथे भरवशाचं नाही. सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम शिरेतून किमान दोन आठवडे द्यावं लागतं, मग को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या साधारण तीन महिने. बरं वाटलं म्हणून त्या मध्येच सोडल्या की आजार उलटतो.

लक्षणं बहुधा १ ते २१ दिवसांत दिसतात. पण दुसऱ्या महायुद्धातल्या एका युद्धकैद्याला तो ६२ वर्षांनी झाल्याची नोंद आहे. त्यामुळे ‘गेल्या महिन्यात कुठे होता?’ एवढं विचारून भागत नाही.

माशेलचा चिखलकालो, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, बंद करा, असं मी मुळीच म्हणणार नाही. पण शुगर असेल आणि पायाला जखम असेल, तर यंदा काठावरून बघा; शेतात गमबूट घाला. आणि परदेशात ताप आलाच, तर डॉक्टरांना आपणहून सांगा, ‘मी भातशेतात उतरलो होतो.’ नमुन्याबरोबरच्या कागदावर ‘मधुमेह, भातशेती’ एवढं लिहिलेलं असलं, तर तंत्रज्ञ ती प्लेट फेकण्याआधी पुन्हा एकदा उजेडात धरतो.