पूर्व भाग ते कुंभारी : पावतीपुस्तकावर उभ्या राहिलेल्या वस्तीची पार्श्वभूमी

सोलापुरात 'पूर्व भाग' म्हटलं की पुढे पत्ता सांगावा लागत नाही. कन्ना चौक, साखर पेठ, अशोक चौक, भद्रावती पेठ, पाच्छा पेठ, दत्त नगर. पाट्यांवर मराठीच्या जोडीला तेलुगू, बोळात शिरलं की यंत्रमागाचा खडखडाट, आणि उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका. या भागाचं काय करायचं, हा प्रश्न दर निवडणुकीत निघतो. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव आलं, तेव्हाही तो निघाला होता. पुढे त्या योजनेतली डोळ्यांत भरणारी कामं झाली ती सिद्धेश्वर तलाव, होम मैदान, पार्क स्टेडियम या मधल्या पट्ट्यात. पूर्व भागात गेल्या शंभर वर्षांत जे बदललं, त्यातला मोठा हिस्सा तिथल्याच माणसांनी पावत्या फाडून, वर्गणी काढून आणि मोर्चे काढून बदलला आहे. शहराबाहेर कुंभारीच्या माळावर तीस हजार घरांची वसाहत का उभी राहिली, हे समजून घ्यायचं तर सुरुवात गिरण्यांपासून करावी लागते.

रेल्वे सोलापुरात आली १८६० साली. कापूस मुंबईला नेण्यासाठी आलेल्या या गाडीने काही वर्षांत उलटा विचार शक्य केला : कापूस इथेच आहे, माणसंही इथेच आहेत, मग गिरणीही इथेच का नको? मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी सुरू झाली. ते साल दुष्काळाचं होतं. गावं ओस पडून शहराकडे निघालेल्या माणसांना गिरणीने काम दिलं, आणि गिरणीला स्वस्तात हात मिळाले. पुढे लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्यावर पहिलीचं नाव आपोआप 'जुनी मिल' झालं. आजही रिक्षावाल्याला कंपनीचं कागदावरचं नाव सांगितलं तर तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील.

याच शहराला वस्ती वरून बसवण्याचाही अनुभव आहे, आणि तो वाईट आहे. 'गुन्हेगार जमाती' ठरवलेल्या लोकांना इंग्रजांनी इथल्या सेटलमेंटमध्ये काटेरी तारांच्या आत ठेवलं. हजेरी सरकारी, आणि काम गिरणीत. तो कायदा १९५२ मध्ये गेला. तार गेली तरी 'सेटलमेंट' हे नाव काही गेलं नाही. सरकारने आखून दिलेली वस्ती आणि लोकांनी वर्गणीतून उभी केलेली वस्ती, या दोन्ही एकाच शहरात असल्याने सोलापूरकराला त्यांतला फरक निराळा समजावून सांगावा लागत नाही.

जुन्या मिलची गोष्ट कायद्याच्या विद्यार्थ्यांना सोलापूरकरांपेक्षा जास्त ठाऊक असते. ऑगस्ट १९४९ मध्ये मिल बंद पडली आणि हजारो कामगार एका झटक्यात घरी बसले. जानेवारी १९५० मध्ये केंद्राने वटहुकूम काढून कारभार हाती घेतला, मग संसदेने तसा कायदा केला. चिरंजित लाल चौधरी नावाचे एक भागधारक त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी हरले. राज्यघटना लागू होऊन वर्षही झालं नव्हतं. पण दुसऱ्या एका भागधारकाचं, द्वारकादास श्रीनिवास यांचं प्रकरण न्यायालयापुढे आलं, तेव्हा डिसेंबर १९५३ च्या निकालाने सरकारचा तो कायदा टिकला नाही. मालमत्तेचा हक्क आणि सरकारचे अधिकार यांवर त्या काळात जो वाद झाला, त्यात सोलापूरच्या एका गिरणीचा असा वाटा आहे. कामगाराला यातून काय मिळालं? मिल पुन्हा चालली, धडपडली आणि साठच्या दशकात कायमची थांबली. लक्ष्मी-विष्णूला नव्वदच्या दशकात टाळं लागलं, नरसिंग गिरजीही पुढे थांबली. भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या शहराला भोंग्याशिवाय उठायची सवय करून घ्यावी लागली.

इथे मुंबईशी तुलना केली जाते, ती फारशी उपयोगाची नाही. मुंबईत गिरणीची जमीन सोन्याची झाली, म्हणून पन्नास प्रकारचे लोक तिच्यासाठी भांडले. सोलापुरात गिरणी बंद पडल्यावर जमिनीला तेवढा भाव नव्हता आणि कामगाराला दुसरी नोकरी नव्हती. तो गेला यंत्रमागाच्या कारखान्यात, आणि त्याची बायको विडीच्या पान-तंबाखूला लागली.

यंत्रमाग मात्र गिरणीच्या राखेतून उगवला नाही. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर गिरण्यांच्या आधीपासून हातमागावर साड्या विणत होते. हातमागाच्या जागी यंत्रमाग आला, साडीच्या जागी जेकॉर्डवरची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रावरची, चादर आणि टेरी टॉवेल आला. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना पुढे भौगोलिक मानांकनही मिळालं. पण हा धंदा वाढला तो घरातच. खाली चार किंवा सहा माग, मागे किंवा वर मालकाचं घर, बाजूच्या खोलीत कामगाराचं बिऱ्हाड. पुरुष मागावर, बायका कांड्या भरायला, चादरीचे गोंडे वळायला, टॉवेलच्या कडा शिवायला. धोटा चालू असेपर्यंत त्या बोळात बोलायचं तर ओरडूनच. कापसाचा फुफाटा भिंतीवर, भांड्यांवर, पाळण्यावर. या व्यवस्थेचा एक फायदा होता, तो म्हणजे घरातल्या प्रत्येक हाताला काम. आणि एक तोटा होता : वस्तीत घर कुठे संपतं आणि कारखाना कुठे सुरू होतो, हे कोणत्याही सरकारी फॉर्मवर लिहिता येत नव्हतं.

सरकार या बोळांत उशिरा पोहोचलं, म्हणून समाजाने आपली सोय आपण केली. पद्मशाली शिक्षण संस्थेने शाळा काढल्या, पुढे मुलींचं महाविद्यालय काढलं. मार्कंडेय रुग्णालय तर सहकारी तत्त्वावर उभं राहिलं. सहकारी साखर कारखाना, सहकारी बँक, सूतगिरणी हे महाराष्ट्राला नवं नाही, पण विणकरांच्या वस्तीत सभासदांचं रुग्णालय ही गोष्ट थांबून बघावी अशी आहे. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, त्याची वर्गणी आणि शाळेची देणगी मागायला येणारी माणसं बऱ्याचदा तीच असतात. जातीच्या संस्थांविषयी आक्षेप घ्यायला भरपूर जागा आहे, आणि घ्यावेतही. कारखानदार आणि त्याच्या मागावरचा कामगार एकाच समाजाचे असले की मजुरीचं भांडण देवळाच्या पायरीवर मिटवलं जातं, आणि ते दरवेळी कामगाराच्या बाजूने मिटत नाही. तरी पावतीपुस्तक, सभासद यादी, वार्षिक सभा आणि हिशोब वाचून दाखवणं ही सवय या भागाला अशा संस्थांनी लावली, हे नाकारता येत नाही. ही सवय पुढे लाल बावट्याच्या, म्हणजे कम्युनिस्टांच्या कामगार युनियनच्या, कामी आली.

विडी हा धंदा बायकांचा. सकाळी कारखान्यातून, म्हणजे कंपनीच्या शाखेतून, मोजून तेंदूपान आणि वजन करून तंबाखू आणायची. पानं भिजवायची, साचा ठेवून कातरायची, तंबाखू भरून वळायची, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. हजार विड्या झाल्या की त्या दिवसाचा दर. दुसऱ्या दिवशी शाखेत तपासणारा बसलेला असतो. त्याला नापसंत पडलेल्या विड्या छाट म्हणून बाजूला काढल्या जातात, त्यांची मजुरी मिळत नाही. पान खराब निघालं आणि हजाराचा हिशोब भरला नाही, तर कमी पडलेलं पान बाईने पदरचे पैसे घालून बाजारातून आणायचं. १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा आणि १९७६ चा कल्याण निधीचा कायदा यांनी कागदावर पुष्कळ दिलं. पण निधीतून काही मिळवायचं तर आधी तुम्ही विडी कामगार आहात हे सिद्ध व्हायला हवं. घरात बसून काम करणाऱ्या बाईकडे ओळखपत्र कुठलं? म्हणून लाल बावटा युनियनच्या सुरुवातीच्या बऱ्याच लढाया मजुरीइतक्याच ओळखपत्र आणि भविष्यनिर्वाह निधी यांसाठी झाल्या. हे काम कंटाळवाणं असतं, त्याचे फोटो येत नाहीत. पण पुढच्या घरांचा पाया तोच आहे.

घरांची मागणी नव्वदच्या दशकात जोर धरू लागली. नेतृत्व मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नेते नरसय्या आडम यांचं. सोलापूर त्यांना आडम मास्तर म्हणतं, आणि तीन वेळा शहराने त्यांना विधानसभेत पाठवलं. मागणी सोपी होती : विडी कामगार बाईला स्वतःच्या नावावर घर. मार्ग सोपा नव्हता. पेठांमध्ये जागा नाही, असली तर परवडत नाही. म्हणून अक्कलकोट रस्त्याला, शहराबाहेर, दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या कुंभारीची जमीन. महिलांची सहकारी गृहनिर्माण संस्था काढली गेली, आणि तिला वारली आदिवासींच्या उठावाच्या नेत्या गोदूताई परुळेकर यांचं नाव दिलं. पैशाची रचना तीन वाट्यांची : काही केंद्राचा, काही राज्याचा, काही त्या बाईचा स्वतःचा. हा तिसरा वाटा महत्त्वाचा. हजार विड्यांच्या दरातून वाचवलेले पैसे, त्यांचे हप्ते, त्यांची पावती. फुकट मिळालेलं घर आणि हप्ता भरून मिळवलेलं घर यांत बाईचा आवाज बदलतो. घरासाठी मंत्रालयापर्यंत आणि दिल्लीपर्यंत मोर्चे गेले, त्यांत पुढे याच बायका होत्या.

दहा हजार घरं झाली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी ती कामगारांच्या स्वाधीन केली. एका ठिकाणी, एकाच संस्थेची, कष्टकरी बायकांच्या नावावरची इतकी घरं, ही देशात क्वचित घडणारी गोष्ट. त्यानंतर मीनाक्षीताई साने यांच्या नावाने आणखी काही हजार घरं झाली.

मग कुंभारीतलीच रे नगर ही वसाहत. या वेळी विडी कामगारांच्या पुढे जाऊन यंत्रमाग कामगार, बांधकाम मजूर, कचरा वेचणाऱ्या बायका अशा असंघटित कामगारांना सभासद केलं. पंतप्रधान आवास योजनेत केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, बाकीचे लाभार्थ्याने उभे करायचे. एकूण घरं तीस हजार. ९ जानेवारी २०१९ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते भूमिपूजन झालं आणि १९ जानेवारी २०२४ ला त्यांच्याच हस्ते पहिल्या पंधरा हजार घरांचं हस्तांतरण. त्या व्यासपीठावर पंतप्रधानांचा कंठ दाटून आला, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. कमी लोकांच्या लक्षात राहिलं ते हे, की त्याच व्यासपीठावर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा नेता बसला होता. सोलापूरला यात विशेष काही वाटलं नाही. दिल्लीत सत्ता कोणाचीही असो, फाइल कोणत्या टेबलावर अडकली आहे हे ज्याला ठाऊक, त्याचं काम होतं. मास्तरांवर यासाठी त्यांच्याच बाजूच्या माणसांनी टीका केली. घर मिळालेल्या बाईला ती टीका समजावून सांगणं अवघड आहे.

आता मला खटकणारी गोष्ट. या सगळ्याला पूर्व भागाचं पुनरुज्जीवन म्हणायचं का? घरं झाली ती पूर्व भागातल्या माणसांची, पूर्व भागाची नाही. वस्ती सुधारली नाही, वस्तीतून माणूस उचलून नव्या वस्तीत गेला. कुंभारी महापालिकेच्या हद्दीबाहेर. १९९२ च्या हद्दवाढीत जी गावं आत आली, त्या 'हद्दवाढ भागा'ला रस्ते आणि ड्रेनेज मिळायला किती वर्षं लागली हे शहराने पाहिलंय. उजनीचं पाणी शंभर किलोमीटरहून लांबून येतं आणि शहरालाच वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड मिळत आलंय. चाळीस हजारांहून जास्त घरं पूर्ण भरली तर कुंभारीत एका मोठ्या तालुक्याच्या गावाहून जास्त माणसं राहतील, आणि त्यांतल्या अनेकांचं काम पेठेत राहील.

पेठेत काय उरलं, ते एप्रिल २०२० मध्ये दिसलं. शहरातला पहिला कोरोना रुग्ण पाच्छा पेठेत सापडला आणि पुढे दाट वस्तीचे हेच भाग सर्वांत आधी बांबू लावून बंद झाले. दहा बाय दहाच्या खोलीत अंतर राखायला सांगणाऱ्यांना त्या खोलीची कल्पनाच नव्हती. त्याआधी २०१७ मध्ये विडीवर २८ टक्के जीएसटी लागला होता, आणि बाजारात मऊ, स्वस्त मिंक ब्लँकेट आल्यापासून चादरीची मागणी घसरतच होती. काही कारखानदार टॉवेलच्या निर्यातीकडे वळले, काहींनी शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम धरलं. लहान मालक मात्र आहे तिथेच आहे.

आणि खरी गाठ तिथेच बसलीय. घरकुल योजना घर मोजते, वस्त्रोद्योगाची योजना माग मोजते. पूर्व भागात दोन्ही एकाच पत्र्याखाली आहेत. जुनी घरं पाडून तीन-चार मजली इमारत बांधा, असं सांगणं सोपं आहे, पण यंत्रमाग वरच्या मजल्यावर चढत नाही. त्याचं वजन आणि हादरे तळमजल्यालाच सोसतात. म्हणजे तळमजला मागाला दिला तरच वर माणसं राहणार, आणि खाली माग चालू असताना वर झोपणार कोण? मोठ्या कारखानदारांनी अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत शेड टाकले. चार मागांच्या धन्याला तिथला प्लॉट परवडत नाही. कर्ज काढून गेलाच, तर घरात कांड्या भरणारी आई, गोंडे वळणारी बायको आणि शेजारच्या खोलीतला कामगार पेठेतच राहतात, आणि त्यांना मजुरीचं काम दुसरीकडे शोधावं लागतं.