मुंबईत उतरून कोल्हापूरचं विमान पकडणाऱ्यांसाठी

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक. तिकीट काढण्याआधी वाचावे. काढून झाले असेल तर परदेशातून निघण्याआधी तरी जरूर वाचावे.)

आमच्या ऑफिसात आठवड्यातून तीन-चार वेळा तरी हा प्रश्न येतो. "मुलगा अमेरिकेत असतो. येताना आम्ही मुंबईत सकाळी नऊला उतरतोय, कोल्हापूरचं विमान बाराला आहे. मध्ये तीन तास आहेत. बास झाले की?"

दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील, तर बहुतेक वेळा बास होतात. परदेशाचं तिकीट एक आणि कोल्हापूरचं वेगळं, असं असेल तर आम्ही नको म्हणतो. वेगळ्या तिकिटांत चार तासांपेक्षा कमी अंतर असेल तर आम्ही बुकिंग करून देत नाही. टर्मिनल बदलायचं असेल तर पाच तास धरतो. यावरून काही जण नाराज होतात. "मोबाइलवर तर दोन तासांचं पण दाखवतंय, तुम्हीच का अडवताय?" असं विचारतात. घाईच्या वेळी काउंटरवर हे नीट समजावून सांगता येत नाही, म्हणून इथं लिहिलं आहे.

तीन तास जातात कुठं

चूक होते ती हिशोबात. सगळे जण उतरण्याच्या वेळेपासून उडण्याच्या वेळेपर्यंत मोजतात. मोजायला हवं ते उतरण्यापासून चेक-इनचं काउंटर बंद होईपर्यंत. देशांतर्गत विमानाचं काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतं. म्हणजे बाराच्या विमानाला अकरा ही शेवटची वेळ. तुमच्या तीन तासांतला एक तास तुम्ही परदेशातून निघायच्या आधीच संपलेला असतो.

राहिले दोन. नऊला विमान जागेवर लागलं असं धरू. मोठ्या विमानात तीनशेच्या वर माणसं असतात. तुमची सीट मागं असेल तर दारातून बाहेर पडेपर्यंत सव्वानऊ होतात. पुढं चालायचं अंतरही बरंच आहे, गुडघे दुखणाऱ्या माणसाला दहा-पंधरा मिनिटं लागतात. इमिग्रेशनला तीन-चार विमानं एकाच वेळी उतरलेली असली, की अर्धा तास ते पाऊण तास रांगेत जातो. मग बेल्टवर बॅगा. पहिली बॅग लवकर येते आणि दुसरी येतच नाही, हा अनुभव परदेशी जाऊन आलेल्या प्रत्येकाला आहे. त्यानंतर कस्टम्स. सगळं सुरळीत झालं तरी घड्याळात पावणेअकरा वाजलेले असतात आणि अजून तुम्ही कोल्हापूरच्या काउंटरवर पोचलेला नसता.

परदेशातून निघालेलं विमान अर्धा तास उशिरा आलं, तर या हिशोबात काहीच उरत नाही. आणि अर्धा तास उशीर म्हणजे विमानाच्या भाषेत उशीरच नव्हे.

बॅग मुंबईत घ्यावीच लागते

हा मुद्दा कृपया दोनदा वाचा. सगळ्यात जास्त त्रास यातून होतो.

परदेशातल्या काउंटरवर बॅगेला टॅग लावताना तिथला कर्मचारी सांगतो, "बॅग थेट शेवटच्या मुक्कामाला जाईल." टॅगवर कोल्हापूरचा 'केएलएच' हा कोडही असतो. आपण निर्धास्त होतो. पण भारतात पहिल्यांदा ज्या विमानतळावर उतरता, तिथंच सामानासह कस्टम्समधून जायचं, हा आपल्याकडचा नेहमीचा नियम आहे. त्यामुळे टॅगवर काहीही छापलेलं असलं तरी मुंबईत बेल्टवर थांबायचं, बॅग उचलायची, कस्टम्स पार करायचं आणि मग ती पुन्हा द्यायची, हे धरूनच चाला.

गडहिंग्लज भागातले एक काका-काकू मुलीकडून परत येत होते. बॅग थेट जाणार म्हणून बेल्टकडे न बघता ते हातातली पिशवी घेऊन सरळ पुढं आले. ट्रान्सफरच्या (पुढच्या विमानासाठी बॅग परत द्यायच्या) काउंटरवर "बॅगा कुठं आहेत?" असं विचारल्यावर सगळा घोळ लक्षात आला. एकदा कस्टम्सच्या बाहेर आलं की परत आत सहजासहजी जाता येत नाही. परवानगी काढून बॅगा मिळेपर्यंत विमान गेलं. काकांची बीपीची गोळी त्याच बॅगेत होती. तेव्हापासून आम्ही तिकिटाच्या पाकिटावर लाल पेनानं "मुंबईत बॅग घ्या" असं लिहून देतो. काहींना ते बालिश वाटतं, पण आम्ही ते बंद करणार नाही. औषधं, चष्मा, घराची किल्ली आणि पासपोर्टची झेरॉक्स हातातल्या पिशवीतच ठेवा.

टॅग कोल्हापूरपर्यंतचा असेल तर कस्टम्स ओलांडल्यावर लगेच बाहेरच्या दाराकडे जाऊ नका. बाहेर पडण्याआधी ट्रान्सफरचं काउंटर विचारा, बॅग तिथं देता येते. घाईत बाहेर पडलात, तर ट्रॉली घेऊन पुन्हा वरच्या मजल्यावर जायचं, दारावर तिकीट दाखवायचं आणि रांगेत उभं राहायचं, असा सगळा फेरा पडतो.

ड्यूटी फ्रीमध्ये घेतलेली बाटली बॅग परत देण्याआधी मोठ्या बॅगेत घाला. उलट पॉवर बँक मोठ्या बॅगेत राहिली असेल तर काढून हातात घ्या. मोठ्या बॅगेत ती चालत नाही. तपासणीत बॅग बाजूला काढतात आणि तुम्हाला शोधत बसतात. सोन्याचंही सांगायला हवं, कारण आपल्याकडे लग्नसराईच्या आधी हे विचारणारे बरेच असतात. एक वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून येणाऱ्या पुरुषाला २० ग्रॅम आणि बाईला ४० ग्रॅम दागिने करमुक्त आणता येतात. त्याहून जास्त असेल तर रेड चॅनलमधून जाऊन जाहीर करा, आणि त्यासाठी लागणारा वेळ धरूनच पुढचं विमान निवडा.

वजनाचा फटका

स्वस्त पडतं म्हणून वेगळं तिकीट काढणाऱ्यांनी हा हिशोब आधी करावा. अमेरिकेच्या तिकिटावर बऱ्याच कंपन्या माणशी २३ किलोच्या दोन बॅगा देतात, म्हणजे ४६ किलो. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलो चालतात. तिकीट वेगळं असेल तर कोल्हापूरच्या विमानाला तुम्ही नेहमीचे प्रवासी, तुमच्या ४६ किलोशी त्यांचा संबंध नाही. वरच्या ३१ किलोंना किलोमागे पैसे मोजावे लागतात. दोघं असाल तर ६२ किलो. तिकिटात वाचवलेली रक्कम तिथंच जाते, वर विमान लहान असल्यामुळे सगळं सामान त्याच फेरीत येईल याची खात्री नसते.

एकाच तिकिटावर प्रवास असेल तर परदेशाची वजनाची मर्यादा सहसा पुढंही चालते. शिवाय पहिल्या विमानाला उशीर झाला आणि पुढचं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीवर येते. वेगळ्या तिकिटात तुम्ही फक्त 'आला नाही' असे प्रवासी ठरता आणि पैसे बहुतेक बुडतात. आमचं एकत्र तिकीट मोबाइलवरच्या दोन तिकिटांपेक्षा थोडं महाग दिसतं, त्याचं कारण हे आहे. अर्थात कोल्हापूरला येणाऱ्या विमान कंपनीचा प्रत्येक परदेशी कंपनीशी एकत्र तिकिटाचा करार नसतो. आम्ही आधी ते तपासतो. करार नसेल तर स्पष्ट सांगतो आणि वेगळ्या तिकिटांत पुरेसं अंतर ठेवून देतो.

कुठलं टर्मिनल, कुठला विमानतळ

परदेशातून येणारी विमानं मुंबईत टर्मिनल २ ला, म्हणजे सहार बाजूला उतरतात. देशांतर्गत विमानं काही टर्मिनल २ वरून, काही टर्मिनल १ वरून, म्हणजे सांताक्रूझ-पार्ले बाजूनं सुटतात. आतून चालत जायची वाट नाही. बसनं किंवा टॅक्सीनं रस्त्यावरून जावं लागतं, आणि अंधेरीच्या बाजूची सकाळची गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. तिकिटावर टी१ आहे की टी२, हे आधी बघा.

आता त्यात नवी मुंबईची भर पडली आहे. तो विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला. तिकिटावर दोन्हीकडे 'मुंबई' असं दिसलं तरी कोड बघा. 'बीओएम' म्हणजे जुना, 'एनएमआय' म्हणजे पनवेल-उलव्याकडचा नवा. एका ठिकाणी उतरून दुसरीकडून उडायचं असेल तर मधे अख्खी मुंबई ओलांडायची आहे. तिथं पाच तासांचा आमचा नियमही आम्ही लावत नाही, सरळ दुसरा पर्याय सुचवतो.

बऱ्याच वेळा तो पर्याय हैदराबाद असतो. "मुंबई सोडून उलट्या दिशेला कशाला?" असं विचारतात. कारण तिथं आंतरराष्ट्रीय आणि देशांतर्गत दोन्ही एकाच टर्मिनलच्या इमारतीत आहे. बॅग घ्यायची, कस्टम्स करायचं हे तिथंही चुकत नाही, पण रस्त्यावर यावं लागत नाही. आखातातून येणाऱ्या आजरा-चंदगडकडच्या मंडळींना आम्ही हे आवर्जून सुचवतो, आणि एकदा आलेले पुढच्या वेळी स्वतःहून हैदराबाद मागतात.

चुकलं तर

दिल्ली किंवा बंगळुरूला जाणाऱ्याचं विमान चुकलं तर दोन तासांनी दुसरं असतं. कोल्हापूरची विमानं दिवसाला मोजकी आणि लहान. आपल्याकडे येणाऱ्या एटीआर ७२ या लहान विमानात ७८ जागा असतात. पुढच्या विमानात जागा मिळेलच असं नाही, कधी दुसरा दिवस उजाडतो. म्हणून आम्ही वेळेबाबत हट्ट धरतो.

तरीही चुकलंच, तर मुंबईत बसून घाबरू नका. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस आहे. बेळगावच्या सांबरा विमानतळाचं विमान मिळालं तर तिथून कोल्हापूर सव्वाशे किलोमीटरच्या आतच आहे. पुण्याला येऊन गाडीनं घरी येता येतं. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्यावर फार विसंबू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, तेव्हा आमचे ग्राहक अलीकडे-पलीकडे अडकले होते. पावसाळ्यात आणि वयस्कर जोडपं एकटं येत असेल तेव्हा मुंबईत एक रात्र मुक्काम करून सकाळचं विमान घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. हॉटेलचं बुकिंग आम्ही करून देतो. कुणाच्या दबावाखाली नको, पण विचार करा.

आधी करून ठेवायच्या काही गोष्टी

विमानांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून. जानेवारीत जाऊन मेमध्ये परतणाऱ्यांचं कोल्हापूरचं विमान बाराऐवजी दहाला झालेलं असू शकतं. वेगळं तिकीट असेल तर परदेशी कंपनीला याचा पत्ताही नसतो. आमच्याकडून काढलेल्या तिकिटांवर आम्ही लक्ष ठेवतो आणि फोन करतो. दुसरीकडून काढलं असेल तर निघण्याच्या आठ दिवस आधी स्वतः तपासा.

भारतातलं सिमकार्ड चालू ठेवा. सहा महिने रिचार्ज नसेल तर मुंबईत उतरल्यावर फोन मुका असतो. ओटीपी येत नाही, विमान कंपनीचा निरोपही येत नाही. मुलांना तिकडून रिचार्ज करायला सांगा.

चालायचा खरोखर त्रास असेल तर व्हीलचेअर निदान दोन दिवस आधी नोंदवा. मदतनीस रांगांमधून नेतो. पण धडधाकट माणसानं केवळ रांग टाळायला ती मागू नये. तिची गरज असलेला माणूस दारात ताटकळतो.

वर्षातून दोन-तीनदा परदेशी जाणाऱ्या उद्योजकांसाठी, म्हणजे शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांसाठी, इमिग्रेशनची 'फास्ट ट्रॅक' नोंदणी फार उपयोगाची आहे. २०२४ मध्ये दिल्लीला सुरू झाली, जानेवारी २०२५ पासून मुंबई, हैदराबाद, बंगळुरूलाही आहे. भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांना आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) असणाऱ्यांना ती करता येते. एकदा झाली की पासपोर्ट आणि चेहरा दाखवून आपोआप उघडणाऱ्या दारातून जायचं. फॉर्म भरायला आम्ही मदत करतो, आमच्या ग्राहकांकडून त्याचे पैसे घेत नाही.

चौकशीला येताना परदेशाच्या तिकिटाची प्रत, बॅगा किती आणि किती किलोच्या आणि बरोबर कोण आहे एवढं घेऊन या. तिकीट आमच्याकडून काढलेलं नसलं तरी वेळेचा हिशोब आम्ही बसून करून देतो. फक्त ते नॉन-रिफंडेबल तिकीट विकत घ्यायच्या आधी या, नंतर नको.