साखळी चिलखत: कडी बंद करण्याची पार्श्वभूमी

लोखंडी कड्या एकमेकींत ओवून अंगरखा करण्याचे श्रेय रोमन विद्वान वारो याने इसवी सनपूर्व पहिल्या शतकातच गॉल लोकांना, म्हणजे केल्टांच्या एका शाखेला, देऊन टाकले होते. रोमानियातील चुमेश्ती येथे एका केल्टिक योद्ध्याच्या दफनात सापडलेले चिलखत इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकाच्या आसपासचे असल्याने त्याचे म्हणणे निराधार ठरत नाही. रोमन सैन्याने ही कल्पना उचलली, तिला 'लोरिका हमाटा' म्हटले आणि शतकानुशतके ती वापरली.

विणकाम वरवर सोपे आहे: प्रत्येक कडीत शेजारच्या चार कड्या अडकवायच्या, आणि हीच जाळी आडवी-उभी वाढवत न्यायची. खरी मेहनत कडी बंद करण्यात असे. तार सळईभोवती घट्ट गुंडाळून तिचे वेटोळे उभे कापले की सुट्या कड्या मिळत. त्यांची टोके एकमेकांवर चढवून, तापवून मऊ केलेले लोखंड ठोकून चपटे करत, त्या चपट्या जागी बारीक भोक पाडत आणि कडी जाळीत ओवल्यावर त्या भोकात इवलासा रिवेट, म्हणजे टोक चेपून पक्की करायची धातूची खीळ, घालून तो दाबून टाकत. टोके नुसती भिडवून ठेवलेली कडी भाल्याच्या जोरदार खुपसण्याने उघडते. रिवेट मारलेली कडी तशी सहज उघडत नाही. गुडघ्यापर्यंतच्या अंगरख्यात कड्यांची संख्या वीस-तीस हजारांच्या घरात जात असल्यामुळे हा एवढासा रिवेटच चिलखताची किंमत ठरवत असे. श्रम वाचवण्यासाठी अनेक कारागीर एक ओळ रिवेटच्या कड्यांची आणि एक ओळ अखंड कड्यांची घेत. रोमन काळापासून चालत आलेली ही काटकसर मजबुतीत काही उणे पडू देत नसे. इंग्लंडमधील सटन हू येथे 1939 साली नौकादफनात मिळालेले सातव्या शतकातील चिलखत गंजून गोळा झाले आहे, तरी त्याच्या सुमारे 8 मिलिमीटरच्या कड्यांत तांब्याचे रिवेट ओळखता येतात.

असा अंगरखा साधारण 10 ते 15 किलो भरे आणि तो सगळा भार खांद्यांवर येई. कमरेला पट्टा आवळला की त्यातला काही नितंबांवर उतरे. तलवारीचे पाते कड्यांवरून घसरते, पण गदेचा दणका लवचिक जाळीतून थेट हाडापर्यंत पोहोचतो. म्हणून आत जाड, टाचलेला अंगरखा घालावाच लागे. निमुळत्या टोकाचा बाण तर कडी फोडून आत शिरू शके. 1361 साली गॉटलंड बेटावर विस्बीजवळ डॅनिश सैन्याने कापून काढलेल्या शेतकऱ्यांना चिलखतांसह सामूहिक खड्ड्यांत पुरले गेले. तेथील काही कवट्यांवर कड्यांची टोपडी अजून तशीच आहेत.

त्याच चौदाव्या शतकात युरोपात पोलादी पत्र्यांची चिलखते आली, तरी काखा आणि जांघा पत्र्याने झाकता येत नसल्याने तेथे कड्यांची जाळी टिकून राहिली. इराण, तुर्कस्तान आणि भारतात कारागिरांनी छोटे पत्रे कड्यांनीच एकमेकांना जोडले; काही भारतीय कड्यांच्या मधोमध तर एक आडवी दांडीही आढळते.

पुढे अभ्यासकांनीच थोडा घोळ घातला. मध्ययुगीन चित्रांत चिलखत कुठे चौकटींनी, कुठे पट्ट्यांनी, कुठे नुसत्या वर्तुळांनी दाखवलेले पाहून एकोणिसाव्या शतकात सॅम्युअल मेरिक यांनी त्याचे अनेक निरनिराळे प्रकार कल्पिले. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी चिलखत एकच होते. हजारो कड्या रेखाटत बसण्याचा चित्रकारांना कंटाळा आला असावा, एवढेच.

पहिल्या महायुद्धात रणगाड्याच्या आत उडणाऱ्या धातूच्या कणांपासून बचाव म्हणून ब्रिटिश सैनिकांना दिलेल्या मुखवट्यांना तोंडासमोर कड्यांची झालर होती. मांस कापणारे कामगार आज हातात घालतात ते पोलादी हातमोजेही याच विणीचे असतात. फक्त कडीची टोके आता रिवेटऐवजी वेल्डिंगने बंद केलेली असतात.