जंगलाचा पडदा कुणी गुंडाळला?

संगीत नाटक मंडळी एका गावाहून दुसऱ्या गावी निघाली की पेट्या-ट्रंकांच्या जोडीला सामानात लांबलचक गुंडाळ्या असत. त्या पडद्यांच्या. दरबाराचा पडदा, रस्त्याचा पडदा, बागेचा, तुरुंगाचा. जंगलाचा तर हवाच, कारण पौराणिक नाटकात कुणी ना कुणी वनवासाला जातंच. दोरी सैल झाली, कापड खाली आलं, की प्रेक्षक राजवाड्यातून थेट अरण्यात. पडदा खरोखर उत्तम असला तर नटाने तोंड उघडण्याआधी टाळी पडे, आणि त्या टाळीचा धनी रंगमंचावर कुठेच नसे.

कोल्हापूरचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री अशा टाळ्यांचे धनी होते. मेस्त्री हे घरचं आडनाव, पेंटर हे कामावरून चिकटलेलं. लोकांनी दुसरंच इतकं पक्कं धरलं की पहिलं आता सांगावं लागतं. मराठी चित्रपटाच्या इतिहासात त्यांचं नाव येतं ते कॅमेरा बनवणारा माणूस म्हणून, शांताराम-दामले-फत्तेलाल यांचे गुरू म्हणून. दोन्ही खरं आहे. पण त्यांनी केलेल्या कामाची किल्ली मला त्या गुंडाळ्यांमध्येच सापडते. पश्चिम भारतातल्या नामांकित पडदे रंगवणाऱ्यांपैकी हा एक, आणि चित्रपटातून रंगवलेला पडदा हद्दपार करणाराही हाच.

बाबूरावांचा जन्म 3 जून 1890 चा. घरात हातांची विद्या होती: सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम. वडील कृष्णराव कारागीर. कलाशाळेचं तोंड न पाहता मुलगा चित्र काढायला आणि माती हाताळायला शिकला, पण शिकला ती पद्धत मात्र कलाशाळेतलीच: छायाप्रकाश, शरीराचं माप, लांबचं लहान आणि जवळचं मोठं दिसण्याचं गणित. त्या काळी राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांनी देवघरांपासून दुकानांपर्यंतच्या भिंती भरल्या होत्या आणि देव-देवता माणसांसारख्या सावल्या पाडू लागल्या होत्या. कोल्हापुरात तर आबालाल रहिमान यांच्यासारखा चित्रकार राहत होता. गादीवर शाहू महाराज. कुस्ती, गाणं, नाटक, चित्र यांपैकी कशालाही त्या गावात रिकामटेकड्याचा उद्योग म्हणून नाक मुरडत नसत. 1915 मध्ये महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर उभं राहिलं. तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झालं.

गायक-नट केशवराव भोसले हेही 1890 चेच. त्यांच्या ललितकलादर्श मंडळीचे पडदे बाबूराव आणि त्यांचे भाऊबंद आनंदराव यांनी रंगवले. 1910 ते 1916 या काळात ही जोडी इतकी नावारूपाला आली की मराठी संगीत मंडळ्यांप्रमाणे गुजराती-पारशी नाटकवाल्यांचंही काम त्यांच्याकडे येई. (ऑगस्ट 2024 मध्ये केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री ते नाट्यगृह आगीत सापडलं, तेव्हा कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले. ज्या गावाला नाट्यगृह घरच्यासारखं वाटतं, तिथं पडदे रंगवणाऱ्याला मान असणारच.)

पडदा रंगवणं ही चित्रकलेची हलकी शाखा समजली जाते. ती समजूत मला पटत नाही. वीस-पंचवीस फुटांच्या कापडावर यथार्थदर्शन साधायचं, तेही पहिल्या रांगेतल्या सावकारापासून पिटातल्या हमालापर्यंत सगळ्यांना पटेल असं. दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात रंग बदलतात त्याचा हिशेब आधीच करायचा. पुढे उभा राहणारा नट चित्रात बुडू नये आणि चित्रातून तुटूही नये, याची काळजी घ्यायची. चौकटीत माणूस कुठे उभा राहील याचा विचार बाबूराव कॅमेरा हाती येण्याआधीच वर्षानुवर्षं करत होते.

मग 1913 साल आलं. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. तो पाहून आनंदराव-बाबूराव झपाटले. आधी त्यांनी प्रोजेक्टर मिळवून चित्रपट दाखवण्याचा धंदा केला, पण डोळा होता कॅमेऱ्यावर. विलायती कॅमेऱ्याची किंमत आवाक्याबाहेरची. तेव्हा मेस्त्रींच्या घरात जे सुचणं स्वाभाविक, तेच सुचलं: आपणच बनवू.

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. कॅमेऱ्यात फिल्म सरळ धावत नाही. ती क्षणभर थांबते, झडप उघडते, उजेड आत येतो, झडप मिटते, आणि फिल्मच्या कडेच्या भोकांत नखं अडकवून तिला एका चौकटीएवढं पुढे ओढलं जातं. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला सोळा-एक वेळा, हाताने दांडा फिरवून. ओढ केसभर कमी-जास्त झाली तर पडद्यावर चित्र थरथरणार. प्रोजेक्टरही याच तत्त्वावर चालतो, फक्त उजेड उलट दिशेने जातो, म्हणून तो उघडून समोर ठेवला तर अर्धं उत्तर मिळतं. उरलेलं अर्धं हातांनी शोधायचं. ते सापडायच्या आत, 1916 मध्ये, आनंदराव वारले. त्यांच्या हाताखाली आलेला पेणचा विष्णुपंत दामले हा पोरगा बाबूरावांच्या जोडीला उभा राहिला, आणि 1918 मध्ये कॅमेरा चालू झाला.

बाबूरावांनी काढलेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल दिलं ते तानीबाई कागलकर या गायिकेने. हा तपशील अनेकदा एका ओळीत उरकला जातो. पेढीवाल्यांनी ज्या धंद्याला दारात उभं केलं नसतं, त्यावर एका गाणाऱ्या बाईने स्वतःची कमाई लावली, एवढं तरी थांबून लक्षात घ्यावं. शाहू महाराजांचा आधार होताच.

पहिला चित्रपट ‘सैरंध्री’, 1920 चा. विषयाची निवड भाबडी नव्हती. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकात प्रेक्षकांनी कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झनला पाहिलं होतं आणि सरकारने त्या नाटकावर बंदी घातली होती. तेच कथानक दहा वर्षांनी पुन्हा, या वेळी न बोलता. भीमाने कीचकाला मारण्याचं दृश्य इतकं हुबेहूब उतरलं होतं की सेन्सॉरने ते कापायला लावलं. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टिळक गेले. फाळक्यांना तारामतीच्या भूमिकेसाठी अण्णा साळुंके या पुरुषाला लुगडं नेसवावं लागलं होतं. ‘सैरंध्री’त मात्र गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोन स्त्रियांनी कामं केली. पुढे त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी ओळखल्या गेल्या.

आता पडद्याची गोष्ट. नाटकातून आलेला माणूस चित्रपट काढायला लागला की सवयीने मागे रंगवलेला पडदा लावणार. त्या वेळी असंच चाललं होतं. पण कॅमेऱ्यापुढे तो पडदा उघडा पडतो. चित्रीकरण उघड्यावर, सूर्यप्रकाशात. पडद्यावर रंगवलेल्या झाडाची सावली कायम एकाच बाजूला, आणि पुढे उभ्या नटाची सावली सूर्याबरोबर सरकणारी. वारा सुटला की राजवाड्याच्या खांबांना सुरकुत्या. त्यातून त्या काळच्या फिल्मला रंग नीट दिसत नसत: तांबडा काळा पडे, निळा पांढुरका होई. रात्रीच्या दिव्यात टाळ्या घेणारा पडदा फिल्मवर नुसता कापड दिसे.

बाबूरावांनी हळूहळू पडदाच काढला आणि त्याजागी भिंती, जिने, खांब, ओसऱ्या उभ्या केल्या. ज्यातून माणूस चालत जाऊ शकेल, ज्याच्या आड लपू शकेल असा त्रिमिती नेपथ्याचा अवकाश. मूर्तिकाराचा हात इथे कामी आला. चित्रीकरणाआधी ते प्रसंगांची रेखाटनं करत: वेश कसा, पात्र कुठून कुठे हलणार, उभं कसं राहणार. नटाला समजावण्याची त्यांची भाषा शब्दांची कमी आणि पेन्सिलीची जास्त होती.

1923 चा ‘सिंहगड’ हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरचा. तानाजीची चढाई रात्रीची. मूकपटात रात्र दाखवायची सोपी रीत म्हणजे दिवसा घेतलेली फिल्म निळ्या रंगात बुडवायची. बाबूरावांनी त्याऐवजी कृत्रिम दिव्यांवर चित्रीकरण केलं. भारतीय चित्रपटातल्या अगदी सुरुवातीच्या अशा प्रयत्नांत त्याची गणना होते. उजेड कुठून येतो आणि कुठे पडायचा थांबतो, हा प्रश्न ज्याने ब्रशाने सोडवला होता त्याने तो आता दिव्याने सोडवला. चित्रपटाला गर्दी इतकी लोटली की त्यातूनच करमणूक कराची कल्पना सरकारच्या डोक्यात आली, असं सांगतात.

ज्या ‘सावकारी पाश’वर (1925) सगळे लिहितात, तो मात्र नारायण हरि आपट्यांच्या कथेवरचा. नावांच्या या उलटापालटीत भलेभले घसरतात, म्हणून सांगून ठेवतो: हरि नारायण वेगळे, नारायण हरि वेगळे. इथे देव नाहीत, शिवाजी महाराज नाहीत. एक शेतकरी, त्याची जमीन गिळणारा सावकार, आणि जमीन गेल्यावर शहरात गिरणीची वाट धरणारा तोच माणूस. शेतकरी झाला होता व्ही. शांताराम, 1921 च्या ‘सुरेखा हरण’मध्ये कृष्ण होऊन पडद्यावर आलेला तरुण. पाहणाऱ्यांच्या स्मरणात राहिलं ते एक दृश्य: अंधारात बुडालेली झोपडी आणि बाहेर भुंकणारा कुत्रा. आवाज नाहीच, भुंकणं फक्त दिसतं. जाणकारांनी वाहवा केली. तिकीटबारीवर चित्रपट चालला नाही. गावच्या सावकाराला रोज दारात पाहणाऱ्या प्रेक्षकाला पैसे देऊन पुन्हा तोच पाहायचा नव्हता, हे समजण्यासारखं आहे. बाबूराव पुन्हा पुराणाकडे वळले.

या चित्रपटाची प्रेरणा कुठली, यावर परदेशी नावं घेण्याची हौस अनेकांना असते. मला तितकं लांब जायची गरज वाटत नाही. खोटं झाड, खोटा खांब, खोटी सावली नको असं एकदा ठरवलं की माणूस कधीतरी खऱ्या झोपडीपाशी येऊन पोचतोच.

1929 मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर कंपनीतून बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्ण्यांना बरोबर घेऊन त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. महाराष्ट्र फिल्म कंपनीला तो घाव सोसवला नाही. दोन-तीन वर्षांत ती मिटली. बोलपटांचा काळ बाबूरावांना फारसा मानवला नाही. शालिनी सिनेटोन या चित्रपट कंपनीसाठी ‘उषा’ (1935), ‘प्रतिभा’ (1937) झाले. 1936 मध्ये ‘सावकारी पाश’ त्यांनी पुन्हा काढला, आता कुत्र्याला आवाज होता. 1947 च्या ‘लोकशाहीर राम जोशी’लाही त्यांचा हात लागला. प्रभातमध्ये दामले-फत्तेलालांनी 1936 साली ‘संत तुकाराम’मधून जे देहू उभं केलं, त्यातल्या भिंती आणि अंगणं पाहताना मला तरी कोल्हापूरची तालीम ओळखू येते.

नंतर ते बहुतेक माती आणि रंगांकडे परतले. स्वातंत्र्यचळवळीत विद्रूप झालेला गव्हर्नर विल्सनचा पुतळा हटल्यावर कोल्हापुरात त्या जागी शिवाजी महाराजांचा पुतळा बसला, तो बाबूरावांनी घडवलेला. 16 जानेवारी 1954 रोजी ते गेले. खरी कॉर्नरला त्यांच्या कामाची खूण म्हणून कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे.

त्यांचे बहुतेक मूकपट मात्र उरले नाहीत. ‘मुरलीवाला’ (1927) सारख्या एखाद्या चित्रपटाची फिल्म सापडते. मूळ ‘सावकारी पाश’ नाही. वेम्बलीच्या प्रदर्शनात पदक मिळवणारा ‘कल्याण खजिना’ (1924) नाही. आपल्या चित्रपटांची पोस्टरं बाबूराव स्वतः रंगवत, प्रेक्षकांना छायाचित्रांसह माहितीपुस्तिका वाटत. जाहिरात हीही कला आहे हे त्यांना नाटकवाल्यांकडूनच उमगलं असणार. ‘कल्याण खजिना’चं असं एक पोस्टर शिल्लक आहे, आणि हाती असलेल्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत ते सर्वांत जुनं मानलं जातं. फिल्म गेली, तिच्यासाठी हाताने रंगवलेला कागद राहिला.